आधी जुने रिपोर्ट काढा

निवृत्त झाल्यापासून माझ्या फोनवर सुप्रभातच्या मेसेजपेक्षा लॅब रिपोर्टचे फोटो जास्त येतात. सगळी नोकरी बायोकेमिस्ट्रीच्या बाकाशी गेली, त्यामुळे हे काम ओघानेच गळ्यात पडलं. फोटोत कुठल्यातरी आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'कमी' किंवा 'जास्त' छापलेलं असतं आणि खाली प्रश्न ठरलेला: काळजीचं आहे का?

वहिनींचा मेसेज आला तेव्हा त्यात फोटोच नव्हता. "वन्सं, अल्झायमर ओळखणारी रक्ताची तपासणी निघालीय म्हणे. ह्यांची करून घेऊ या का?"

ह्यांची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दादा ७६ वर्षांचा आहे, आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेला. गेले काही महिने तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, औषधं घेतली की नाही हे विसरत होता. घरात सगळ्यांनी मनातल्या मनात निदान करून टाकलं होतं, फक्त कागदावर शिक्का हवा होता. मी वहिनींना फोन लावला आणि विसरण्याचं सोडून बाकीचं विचारत बसले. झोप कशी आहे? दिवसाही पेंगतो. चालणं? भिंतीचा आधार घेतो, दारू प्यायल्यासारखा झोल जातो. बोलणं? जीभ जड झाल्यासारखी वाटते. आणि हे सगळं किती दिवसांत? फार तर चार-पाच महिन्यांत.

इथे माझे कान टवकारले. अल्झायमर साधारणपणे वर्षानुवर्षांच्या संथ उताराने येतो, आणि त्याची सुरुवात जड जिभेने आणि झोकांड्यांनी होत नाही. मी म्हटलं, "वहिनी, नव्या तपासणीचं नंतर बघू. आधी दादाचे जुने रिपोर्ट काढा."

हिशेबनीस माणसाचं एक बरं असतं. फाइल तारखेवार लावलेली होती.

आता थोडं रक्ताबद्दल. रक्तातल्या प्रथिनांची आणि मेंदूची गोष्ट सध्या एका दमात सांगितली जाते, पण त्या दोन अगदी निराळ्या दुनिया आहेत. एका बाजूला जुनी, ढोबळ प्रथिनं: अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, हिमोग्लोबिन. ती ग्रॅमच्या हिशेबात मोजतात. अल्ब्युमिन १०० मिलिलिटरमागे साधारण ३.५ ते ५ ग्रॅम, एकूण प्रथिनं ६ ते ८ ग्रॅमच्या आसपास. अल्ब्युमिन मोजायची आमची पद्धत म्हणजे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा रंग. पिवळसर द्रावणात सीरम पडलं की हिरवं होतं आणि जितकं अल्ब्युमिन जास्त तितकं ते गडद. एकूण प्रथिनांसाठी बाययुरेट, त्याचा रंग जांभळा. आता सगळं यंत्रात होतं, पण त्या हिरव्या-जांभळ्याची छटा माझ्या डोळ्यांत अजून बसलेली आहे.

दुसऱ्या बाजूला मेंदूतून झिरपून रक्तात येणारी प्रथिनं. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ही अल्झायमरशी जोडलेली, न्यूरोफिलामेंट लाइट आणि जीएफएपी ही मेंदूच्या पेशींमधली. यांचं माप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. रक्ताच्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन ४० मिलिग्रॅम धरलं, तर ते ४,००० कोटी पिकोग्रॅम झालं. त्याच मिलिलिटरमध्ये निरोगी माणसाचं पी-टाऊ २१७ एक पिकोग्रॅमही भरत नाही. इतकं सूक्ष्म मोजता येतं याचं माझ्यासारखीला आजही अप्रूप आहे. आमच्या उमेदीच्या काळात कोणी असं म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण मोजता येतं म्हणून पहिल्यांदा तेच मोजावं असं होत नाही.

दादाच्या फाइलमधलं अल्ब्युमिन मी वर्षांच्या क्रमाने एका ओळीत लिहून काढलं: ४.२, ३.८, ३.३, २.६.

पहिले दोन रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून गेले होते, कारण दोन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात. तिसऱ्यापुढे 'किंचित कमी'. चौथा ताजा होता आणि त्याच्यापुढची खूण बघून वहिनींनी केमिस्टकडून प्रोटीन पावडरचा डबा आणला होता. छापील मर्यादा ही हजारो माणसांवरून ठरवलेली असते. एखाद्या माणसाचं स्वतःचं अल्ब्युमिन वर्षानुवर्षं ४.२ असेल आणि ते ३.८ झालं, तर त्याच्यासाठी ती घसरणच आहे. अर्थात एका आकड्यावरून उडी मारू नये. हाताला पट्टा जास्त वेळ करकचून बांधला तर प्रथिनं उगाच वाढलेली दिसतात. आडवं पडून रक्त दिलं आणि उभं राहून थोड्या वेळाने दिलं, तर दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. लॅब बदलली, रंग बदलला, तरी आकडा थोडा हलतो. पण चार रिपोर्ट एकाच दिशेला चाललेत, याचं खापर पट्ट्यावर फोडता येत नाही.

अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, हा समज कुठून रुजला कोण जाणे. यकृत रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं आणि ते रक्तात बरंच टिकतं. निम्मं संपायला सुमारे २० दिवस लागतात. ते घटायच्या वाटा निरनिराळ्या. यकृत बिघडलं तर तयार होत नाही. शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा दाह चालू असेल, तर यकृत आपला कारखाना दुसऱ्या प्रथिनांकडे, सीआरपीसारख्यांकडे वळवतं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. मूत्रपिंडाची गाळणी फाटली तर ते लघवीतून निघून जातं. उपासमारीनेही घटतं, पण दोन वेळ नीट जेवणाऱ्या माणसात आधी बाकीच्या वाटा तपासायच्या.

दादाला मधुमेह जुना. मी विचारलं, लघवी फेसाळ होते का? दादा स्वतःच मागून ओरडला, "होते की! साबणासारखी! मला वाटलं फिनाइलमुळे." लघवीच्या तपासणीत प्रथिन ३+ आलं, म्हणजे बरंच. गाळणीच फाटली होती. पावडरचा डबा मी बाजूला ठेवायला सांगितला, कारण मूत्रपिंड थकलेलं असताना प्रथिनं किती खायची हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. एरवी निरोगी वयस्कर माणसांना थोडी जास्तच प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असं तज्ज्ञ सांगतात. पण सल्ला माणूस बघून द्यायचा असतो, डब्यावरचं लेबल बघून नव्हे.

अल्ब्युमिन गळतंय, पायांना सूज आहे, हे सगळं खरं. पण याचा डोक्याशी संबंध काय?

संबंध दादाच्या गोळ्यांच्या डबीत होता. त्याला तरुणपणी अपघातानंतर फिटचा त्रास झाला होता आणि तेव्हापासून तो फेनिटॉइन घेतो. इतकी जुनी गोळी की घरात ती औषधात मोजलीच जात नाही. वहिनींनी औषधांची यादी सांगितली तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या आल्या, रक्तदाबाच्या आल्या, फेनिटॉइन आलंच नाही. मीच विचारलं, "आणि ती फिटची?" "ती काय, ती आहेच की."

रक्तातलं फेनिटॉइन ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. चिकटलेलं औषध म्हणजे गाडीत बसलेले प्रवासी. काम करतात ते उतरलेले दहा टक्केच. गाड्या कमी झाल्या की रस्त्यावर माणसं जास्त, मग एकूण माणसांची संख्या तीच का असेना. नेहमीच्या तपासणीत बसलेले आणि उतरलेले दोन्ही एकत्र मोजले जातात. दादाची फेनिटॉइनची पातळी १४ होती. मर्यादा १० ते २०. म्हणजे रिपोर्टवर झकास नॉर्मल.

कमी अल्ब्युमिनसाठी या आकड्याची दुरुस्ती करायचं एक जुनं सूत्र आहे: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, ०.१ मिळवायचे आणि त्याने मोजलेल्या पातळीला भागायचं. दादाचं अल्ब्युमिन २.६. म्हणजे ०.५२ अधिक ०.१, ०.६२. चौदाला त्याने भागलं की २२.६. मर्यादेच्या बाहेर. मूत्रपिंड फारच खालावलं असेल तर हे सूत्र चालत नाही, आणि एरवीही तो अंदाजच. खरं उत्तर सुट्या फेनिटॉइनची वेगळी तपासणी देते. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. हा हिशेब कागदावर मांडून मी वहिनींना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी सुटी पातळी काढली. १ ते २ असायला हवी ती २.३ निघाली. डोळे हलवून बघितले, बुबुळं थरथरत होती. जड जीभ, झोकांड्या, पेंग, गोंधळ. फेनिटॉइन जास्त झाल्याची ही पाठ्यपुस्तकातली लक्षणं. डोस त्यांनी कमी केला, हळूहळू. (हे वाचून कोणी आपल्या माणसाची फिटची गोळी परस्पर बंद करू नका. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते.)

त्या पहिल्या भेटीतली एक गोष्ट मला वहिनींनी सांगितली आणि तीच सगळ्यात जास्त लागली. डॉक्टरांनी दादाला १०० मधून सात वजा करत जायला सांगितलं. दादा ९३ म्हणाला, मग ८४, मग थांबला आणि खिडकीकडे बघायला लागला. दादा! ज्याच्यासमोर कॅल्क्युलेटर काढला की त्याला अपमान वाटायचा.

वजाबाकीची ही कसोटी १९७५ साली आलेल्या एमएमएसई नावाच्या ३० गुणांच्या चाचणीत आहे आणि ती मुख्यतः लक्ष टिकतं का हे बघते. त्याच चाचणीत तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात. ती आठवणीची परीक्षा. हा फरक कळला की बरंच उलगडतं. औषध जास्त झालं, सोडियम घसरलं, संसर्ग झाला, तर आधी लक्ष ढासळतं. अल्झायमरमध्ये सहसा आधी थोड्या वेळापूर्वीचं आठवणं जातं. डोस उतरवल्यावर काही आठवड्यांनी दादाने ९३, ८६, ७९, ७२, ६५ न अडखळता म्हटलं, वर डॉक्टरांना विचारलं, "पुढे जाऊ?" चालणं सरळ झालं. पेंग गेली.

तीन शब्दांपैकी मात्र एकच आठवला.

म्हणजे दादाच्या डोक्यावरचं धुकं बरंचसं औषधाचं होतं, सगळं नव्हे. आणि मग वहिनींचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी योग्य जागी: ती नवी तपासणी करायची का?

ही तपासणी थोतांड नाही. २०२४ साली ब्रिटनच्या बायोबँकमधल्या, म्हणजे संशोधनासाठी लोकांचे नमुने आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पातल्या, ५२,६४५ माणसांच्या रक्तातली १,४६३ प्रथिनं तपासलेला अभ्यास आला. रक्त दिलं तेव्हा त्यांच्यातल्या कुणालाच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हता. पुढे १,४१७ जणांना झाला. जीएफएपी आणि न्यूरोफिलामेंटसारखी प्रथिनं त्यांच्यात निदानाच्या दहा वर्षं आधीपासून वेगळी दिसत होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांच्या गुणोत्तराच्या रक्ततपासणीला परवानगी दिली. त्यासाठी ४९९ नमुने तपासले होते: तपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट स्कॅन किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीनेही अमायलॉइड सापडलं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत सापडलं नाही. लॅबवाली म्हणून सांगते, हे आकडे चांगले आहेत. पण काही जणांचं उत्तर मधल्याच पट्ट्यात येतं, धड ना हो, धड ना नाही. आणि परवानगी सरसकट सगळ्यांसाठी नाही: वय ५५ च्या पुढे, विस्मरणाची लक्षणं असलेली माणसं, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीत. लक्षण नसताना हौसेने करायची ही तपासणी नव्हे. अमायलॉइड मेंदूत असूनही शेवटपर्यंत शाबूत डोक्याने जगणारी माणसं असतात.

नमुन्याचेही लाड असतात. अमायलॉइड बीटा प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसतं, वेळेत यंत्रात फिरवून रक्ताचा द्रव वेगळा करून थंड ठेवला नाही तर घटतं. नळी जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची. रक्त कुठेही काढा आणि कुरिअरने पाठवा, हे या प्रथिनांच्या बाबतीत मला तरी पटत नाही.

दादाच्या बाबतीत तर आणखी एक मेख होती, आणि ती पुन्हा त्या अल्ब्युमिनच्या गळतीपाशी नेते. मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्या माणसांत रक्तातलं पी-टाऊ चढं दिसतं. मेंदूत तेवढं बिघडलेलं नसतानाही. उलट लठ्ठ माणसांत न्यूरोफिलामेंटसारखे काही आकडे उतरते दिसतात. वहिनींनी पहिल्याच दिवशी ही तपासणी करून आणली असती, तर कदाचित आकडा जास्त आला असता, घराने शिक्का घेतला असता आणि झोकांड्या जाणारा दादा 'आता असंच चालायचं' म्हणून खुर्चीत बसून राहिला असता. फिटच्या गोळीकडे कोणी वळून बघितलं नसतं.

मूत्रपिंड आणि मेंदू यांचं नातं तसंही जवळचं. दोघांत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि मधुमेह-रक्तदाब दोन्हीकडे सारखाच घाव घालतात. लघवीत अल्ब्युमिन जाणाऱ्या वयस्कर लोकांत स्मरणशक्तीचे प्रश्न जास्त दिसतात, ते उगाच नव्हे. मूत्रपिंड थकलं की हिमोग्लोबिनही उतरतं; दादाचं १०.८ होतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात, १२,००० हून अधिक माणसांत, हिमोग्लोबिन फार कमी असणाऱ्यांत आणि फार जास्त असणाऱ्यांतही डिमेन्शियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे लोहाच्या गोळ्या मुठीने खाऊन फायदा नाही, कारण शोधायचं.

अल्ब्युमिनबद्दल मला कोणी विचारतं, "मग बाटलीतून चढवलं तर डोकं सुधारेल का?" कल्पना अगदीच वेडगळ नाही. रक्तातलं बहुतेक अमायलॉइड बीटा अल्ब्युमिनलाच चिकटलेलं असतं, म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, बदलून ताजं अल्ब्युमिन देण्याचा प्रयोग अल्झायमरच्या रुग्णांवर झाला. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. मध्यम अवस्थेतल्या रुग्णांत काही आशा दिसली, पण तो नेहमीचा उपचार झालेला नाही. माझं मत विचाराल तर अल्ब्युमिन हा गुन्हेगार नसून साक्षीदार आहे. त्याला मारून-मुटकून वर आणण्यापेक्षा ते काय सांगतंय ते ऐकावं.

उलट्या बाजूचंही एक सांगून टाकते, कारण ते फार वेळा नजरेतून सुटतं. एकूण प्रथिनं जास्त आणि अल्ब्युमिन कमी असेल, तर मधला फरक ग्लोब्युलिनचा. तो चारच्या वर गेला की मी नेहमी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे प्रथिनं जातवार वेगळी करणारी तपासणी, करून घ्यायला सुचवते. मायलोमासारख्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगासारख्या, आजारात एकाच जातीचं ग्लोब्युलिन बेसुमार वाढतं, रक्त दाट होतं, कॅल्शियम चढतं, आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. आणि कॅल्शियम वाचतानाही अल्ब्युमिन लागतंच: अल्ब्युमिन चारच्या खाली जितकं असेल त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून बघतात, नाहीतर वाढलेलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं.

दादाचं आता असं ठरलंय. लघवीतली गळती कमी करायची गोळी नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी, सुरू केली आहे. फिटची गोळी बदलून दुसरी, अल्ब्युमिनवर न अवलंबणारी देता येईल का, ते न्यूरॉलॉजिस्ट बघताहेत. बी-१२ आणि थायरॉइड तपासून झालं, दोन्ही ठीक. कानाची तपासणी व्हायची आहे. त्याला तीन शब्द आठवले नाहीत की नीट ऐकूच आले नव्हते, ही शंका वहिनींची, आणि ती मला रास्त वाटते. सहा महिन्यांनी तीच स्मरणाची परीक्षा पुन्हा. तेव्हा गुण आणखी उतरले, आणि कळल्यावर पुढच्या उपचारात काही बदलणार असेल, तर पी-टाऊ २१७, मूत्रपिंडाच्या आकड्यांसकट वाचायचं.

दादाला मी हे सगळं समोर बसून सांगितलं. त्याने वहीत तारखा मांडल्या, अल्ब्युमिनसाठी वेगळा रकाना आखला आणि म्हणाला, "त्या नव्या तपासणीचा रकाना आत्ताच आखू का?" मी म्हटलं, आख, पण रिकामा ठेव.